शेवटच्या फेरीला ११ गाड्या: छोट्या गाड्यांच्या क्लबने पुढचा हंगाम कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा. १००० आणि १३०० सीसी अशा दोन वर्गांत शर्यती घेणारा एक प्रादेशिक क्लब आहे. हंगामात सहा फेऱ्या झाल्या. फेरीनिहाय गाड्या २२, २०, १८, १५, १३ आणि ११. पुढच्या वर्षी आठ फेऱ्या, १६०० सीसीचा नवा वर्ग आणि एक रात्रीची शर्यत घ्यावी असं कमिटीच्या मनात आहे. हे जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

आधी बेरीज करा. २२ अधिक २० अधिक १८ अधिक १५ अधिक १३ अधिक ११ म्हणजे ९९. वर्षभरात क्लबकडे ९९ प्रवेश आले, फेरीमागे सरासरी १६.५. आता आठ फेऱ्या घेतल्या आणि गळती वाढून सरासरी १२ वर आली, तर एकूण प्रवेश होतील ९६. म्हणजे प्रवेश तेवढेच, पण ट्रॅकचं भाडं, ॲम्ब्युलन्स, टायमिंग आणि विमा हे सगळं दोन वेळा जास्त. उलट पाच फेऱ्या घेऊन प्रत्येकीला २० गाड्या आणल्या तर १०० प्रवेश. तेव्हा फेऱ्या वाढवायचा विषय तूर्त बंद. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन शर्यती, आणि दोन फेऱ्यांमध्ये निदान चार आठवडे. क्लबातले बहुतेक चालक गाडीचं काम संध्याकाळी नोकरी सांभाळून करतात. इंजिन उतरवून, बेअरिंग बदलून परत बसवायला आणि मध्ये एखाद्या सुट्या भागाची वाट बघायला दोन आठवडे पुरत नाहीत. एक फेरी हुकली की पुढच्या फेरीचाही उत्साह जातो.

प्रवेश फी ठरवताना सगळा ग्रिड, म्हणजे सुरुवातीच्या रांगा, भरेल असं धरून भागाकार करू नका. २० गाड्या अपेक्षित असतील तर स्थिर खर्च १२ गाड्यांत निघाला पाहिजे. तेराव्या गाडीपासून जे येईल ते पुढच्या पावसाळी फेरीसाठी राखीव. तुमच्या शेवटच्या फेरीला ११ गाड्या होत्या, म्हणजे तो दिवस या हिशोबानेही तोट्यातच गेला असता. फी थोडी वाढवून संपूर्ण हंगाम आगाऊ भरणाऱ्याला एक फेरी मोफत दिली, तर पाचव्या फेरीची गर्दी पहिल्या फेरीआधीच बांधली जाते.

आता मूळ दुखणं. गळलेल्या ११ जणांना फोन करा, फॉर्म पाठवू नका. दोनच प्रश्न विचारा: कोणत्या फेरीला यायचं नाही असं पहिल्यांदा ठरवलंत, आणि त्या आठवड्यात काय झालं होतं? 'वेळ नव्हता' हे उत्तर पहिल्या मिनिटाला येतं, खरं कारण पाचव्या मिनिटाला. छोट्या गाड्यांच्या क्लबात ती कारणं साधारण ठरलेली असतात: इंजिन गेलं, टायर परवडेना, कुणीतरी धडक देऊन दार चेपलं आणि दाद लागली नाही, किंवा तिसऱ्या फेरीतच कळलं की आपण दहाव्याच्या वर जात नाही आणि गुणही मिळत नाहीत. क्लब जगतो तो मधल्या आणि मागच्या गाड्यांवर. पहिले तिघे कसंही करून येतातच. नियमाचा प्रत्येक बदल या एकाच चाळणीतून काढा: याने बाराव्या क्रमांकाची गाडी पुढच्या फेरीला येईल का?

इंजिनापासून सुरुवात करतो, कारण सर्वात जास्त गाड्या इथेच घरी बसतात. रोजच्या वापराच्या छोट्या गाडीचा संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उथळ असतो, त्यात तेल साडेतीन-चार लिटर. चांगल्या टायरवर लांब वळणात ०.९ जी, म्हणजे वजनाच्या ०.९ पट, बाजूचा जोर पडला की तेलाचा पृष्ठभाग जवळपास ४२ अंशांनी कलतो. तेल एका भिंतीला चढतं, पिकअप, म्हणजे पंपाची तेल ओढणारी नळी, उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. हे दोन-तीन सेकंद चालतं. प्रत्येक लॅपला तेच. दहा लॅपनंतर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग वाजायला लागतं. चालकाला काही कळत नाही, कारण कंपनीचा तेलाचा दिवा दाब जवळपास संपल्यावरच लागतो आणि वळणात नजर डॅशबोर्डवर नसते.

उपाय महाग नाही, पण तुमच्या नियमावलीत 'इंजिन मूळ स्वरूपात' असं वाक्य असेल तर तो बेकायदा ठरतो. हे वाक्य बदला. संपमध्ये बॅफल, म्हणजे तेल अडवणारे पत्रे, आणि पिकअपभोवती आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपांची डबी बसवायला सरसकट परवानगी द्या. तेलाचा दाब सुमारे १.४ बारवर उतरला की लागणारा वेगळा प्रेशर स्विच आणि चालकाच्या नजरेसमोर मोठा लाल दिवा सक्तीचा करा. कमाल खुणेच्या वर अर्धा लिटर तेल घालायची पद्धत आहे, ती चालते, पण त्यापुढे जाऊ नका. क्रँक तेलात आपटून फेस करतो आणि फेसाने दाब बनत नाही. शिवाय जास्तीचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, बाहेर येतं, म्हणून ते धरायला किमान २ लिटरची कॅच टँक हवीच. ट्रॅकवर सांडलेलं तेल ही एका गाडीची अडचण राहत नाही, सगळ्यांची अर्ध्या तासाची शर्यत त्यात जाते. कूलंटचंही तसंच: रेडिएटरमध्ये नुसतं पाणी आणि गंजरोधक. तयार कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर पडलं की निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही.

टायर ही दुसरी गळती. एकच ठरलेला टायर, रस्त्यावर चालणारा, ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) २०० किंवा जास्त. हंगामाला गाडीमागे सहा टायर: पहिल्या फेरीला चार, पुढे कधीही दोन. प्रत्येक टायरच्या बाजूवर क्लबची खूण आणि नोंदवहीत क्रमांक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन ओढतं तेही पुढचं चाक आणि वळतं तेही पुढचंच, त्यामुळे पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी संपतात. इथे पुष्कळ क्लब कंजूषपणा नको तिथे करतात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलायला बंदी घातली की पुढच्या टायरची बाहेरची कड दोन फेऱ्यांत सोलून निघते, आतला भाग नवा राहतो आणि टायर फेकावा लागतो. स्ट्रटच्या वरच्या माउंटला खाच करून उणे २.५ ते उणे ३ अंश कॅम्बर मिळवू द्या. हा बदल एकदाच करायचा, आणि तो टायरचा खर्च कमी करतो. हीच कसोटी इतर मागण्यांनाही लावा. बॅफल, कॅम्बर, ब्रेक पॅड, सायलेंट ब्लॉक (रबरी बुश) यांनी गाडी टिकते, म्हणून मोकळीक द्या. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा मोठ्या करणं), ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) यांनी गाडी फक्त पळते, म्हणून बंद. आणि सुरुवातीलाच एक ओळ: नियमात जे लिहिलेलं नाही ते करता येणार नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. डॉट ४ ताज्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा किमान १५५ पर्यंत उतरतो. पेडल मऊ पडण्याचं कारण बहुतेकदा पॅड नसतं, जुनं ऑइल असतं. दर दोन फेऱ्यांना बदलायची नोंद लॉगबुकात घ्या. चाकाचे स्टड दर हंगामाला नवे, आणि पहिल्या सरावानंतर गाडी थंड झाली की टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासायचे. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा, रबरी बूट फाटला की ग्रीस तापलेल्या डिस्कवर उडतं. तपासणीच्या वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून बूटच्या घड्या बोटाने उघडून बघा, फट घडीच्या तळाशी असते, नुसतं वरून दिसत नाही.

१००० आणि १३०० या वर्गांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असतील तर बरोबरी कशी साधायची हा वाद येणारच. नुसत्या वजनावर भागत नाही. समजा एक गाडी चाकावर ५० किलोवॅट देते आणि चालकासकट ७८० किलो भरते, म्हणजे किलोवॅटमागे १५.६ किलो. दुसरी तेवढ्याच वजनाची, पण ६० किलोवॅटची. तिला त्याच गुणोत्तरावर आणायचं तर ९३६ किलो करावी लागेल, म्हणजे १५६ किलो शिसं. तिचे ब्रेक आणि टायर त्याखाली मरतील आणि धडकेत ते वजन धोक्याचं. बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, ५० किलोच्या पुढे नेऊ नका, तोही पॅसेंजर सीटच्या जागी बोल्टने आवळलेला. उरलेला फरक थ्रॉटलपुढच्या, हवेची वाट अरुंद करणाऱ्या रिस्ट्रिक्टर प्लेटने काढा. प्लेट क्लबने एकाच कारखान्यात करून घ्यायची, क्रमांक टाकायचे आणि सकाळी चिठ्ठी काढून वाटायच्या. हंगामाच्या मध्ये फेरबदल एकदाच, तिसऱ्या फेरीनंतर.

नियम असून तपासणी नसेल तर प्रामाणिक माणूस आधी जातो. प्रत्येक शर्यतीनंतर पहिले तीन आणि चिठ्ठीने निघालेला एक, एवढ्यांचं वजन आणि इंजिनाची एकच गोष्ट तपासा. कॅमची लिफ्ट डायल गेजने, किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू किती पट दाबला जातो ते गुणोत्तर. कॉम्प्रेशनची मोजणी जपून करावी लागते, म्हणून तपशिलात सांगतो.

९९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरचे २४९.५ सीसी. पिस्टन सर्वात वर असताना उरणारी जागा, म्हणजे हेडचा खळगा, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरची जागा मिळून, २७.७ सीसी असेल तर गुणोत्तर (२४९.५ + २७.७) ÷ २७.७ = १०.० येतं. समजा मर्यादा १० आहे. कुणी हेड अर्धा मिलिमीटर घासलं आणि खळग्याचं तोंड २५ चौरस सेंटिमीटर असेल, तर १.२५ सीसी कमी होतात. उरले २६.४५, गुणोत्तर १०.४३.

मोजायची रीत: प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा. गाडी जॅकवर अशी कलती करा की प्लगचं भोक सर्वात वर येईल, नाहीतर कोपऱ्यात हवा अडकते. ब्युरेटमधून केरोसीन आणि थोडं गिअर ऑइल असं मिश्रण सोडा आणि आट्यांच्या वरच्या कडेपर्यंत भरा. आता नेहमीची चूक: प्लगच्या आट्यांची जागा वजा करायची राहते. १४ मिलिमीटरचा, १९ मिलिमीटर लांबीचा प्लग असेल तर ती जागा २.९ सीसी. ती वजा केली नाही तर वरचं घासलेलं इंजिन २९.३५ सीसी दाखवतं आणि गुणोत्तर ९.५ येतं. लबाडी सुखरूप पास. दुसरी गोष्ट, रिंगांमधून द्रव झिरपतो आणि आकडा फुगतो, त्याचा फायदा चालकाला मिळतो. म्हणून भराभर मोजा, दोनदा. मोजून झालं की प्लग न लावता स्टार्टर फिरवून सगळं द्रव बाहेर काढा. ते आत राहून प्लग बसवला तर इंजिन अडतं आणि रॉड वाकतो, आणि मग भरपाई क्लबच्या गळ्यात.

सुरक्षेच्या वस्तूंची तपासणी याहून सोपी आणि जास्त महत्त्वाची. हेल्मेटवर एफआयए (मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) ८८५९-२०१५ किंवा हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं एसए २०२० सारखं लेबल हवं. मोटारसायकलच्या हेल्मेटचं अस्तर आगीसाठी बनवलेलं नसतं. एफआयएच्या हार्नेसवर (शर्यतीच्या सीटबेल्टवर) मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, तेच बघा. केजसाठी, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी, एफआयएचं माप डोळ्यासमोर ठेवा: मुख्य रोलबारची सीमलेस पोलादी नळी ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर, बाकीच्या ३८ × २.५ किंवा ४० × २. मुख्य बारच्या पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. छोट्या, जुन्या गाड्यांत नळी ठणठणीत आणि खालचा पत्रा गंजलेला असं हमखास दिसतं. कार्पेट उचलून टोकदार हातोडीने ठोकून बघितल्याशिवाय सही करू नका.

धडकांबद्दल: पुढे आणि मागे बघणारा कॅमेरा प्रत्येक गाडीत सक्तीचा, कार्ड तपासनिसाच्या ताब्यात. धडक देऊन मिळवलेली जागा दोन लॅपच्या आत परत द्यायची, नाहीतर निकालात ३० सेकंद वाढवायचे. दुसऱ्यांदा तेच केलं तर पुढच्या शर्यतीला ग्रिडच्या शेवटी. निर्णय त्याच आठवड्यात आणि सगळ्यांना लेखी. दंडाची रक्कम लावू नका, श्रीमंत चालक ती भरून मोकळा होतो.

गुणांची पद्धतही गळतीला हातभार लावते. फॉर्म्युला वनचा २५-१८-१५ हा तक्ता सगळे उचलतात. त्यात पहिल्या दहांनाच गुण. त्याऐवजी २०-१७-१५-१४-१३ आणि पुढे असंच एकेकाने उतरत जा आणि शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला किमान १ गुण द्या. दहा शर्यतींपैकी सर्वोत्तम आठ धरा. फरक बघा: सहा शर्यती जिंकून चार चुकवणारा आणि दहाही शर्यतींत दुसरा येणारा यांच्यात २५-१८ च्या तक्त्याने १५० विरुद्ध १४४, चुकवणारा विजेता. २०-१७ ने १२० विरुद्ध १३६, नियमित येणारा विजेता. तुमच्या क्लबला सध्या कोण हवाय ते उघड आहे. अपात्र ठरलेल्या शर्यतीचं शून्य मात्र वगळता येणार नाही, हे लिहून ठेवा. शेवटच्या फेरीला दुप्पट गुण वगैरे नको.

१६०० सीसीच्या वर्गाला माझा स्पष्ट नकार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. २० गाड्या तीन वर्गांत वाटल्या की एखाद्या वर्गात तिघेच उरतात आणि तिघांनाही चषक मिळतो. शिवाय वेगाचा फरक. १६०० ची गाडी ९० सेकंदांत लॅप मारत असेल आणि मागची १००० सीसी १०५ सेकंदांत, तर पंधरा मिनिटांच्या, म्हणजे पुढच्याच्या दहा लॅपच्या शर्यतीत सातव्या लॅपला पुढचा मागच्याला गाठतो. शेवटचे तीन लॅप मागच्याने आरशात बघत काढायचे. गळती तिथूनच होते. पाच लेखी प्रवेश आणि आगाऊ फी जमा असल्याशिवाय कोणताही नवा वर्ग उघडू नका. विजेवरच्या गाड्यांनाही सध्या थांबवा. बॅटरी पेटली तर ती विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते, भरपूर पाणी लागतं आणि गाडी नंतर बराच काळ उघड्यावर वेगळी ठेवावी लागते. मार्शलना, म्हणजे ट्रॅकशेजारी झेंडे आणि अग्निशामक घेऊन उभ्या असलेल्यांना, ते प्रशिक्षण मिळाल्यावर बोलू.

रात्रीची शर्यतही नको. झेंडे दिसत नाहीत म्हणून प्रत्येक पोस्टला दिव्यांचे पॅनल लागतात, मार्शल दुप्पट लागतात, आणि तुमच्याकडे दिवसाचेच पुरत नाहीत असा माझा अंदाज आहे. वेगळा कार्यक्रम हवा असेल तर रिले घ्या. ऑस्टिन सेव्हन गाड्यांभोवती १९३९ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनच्या ७५० मोटर क्लबने १९५१ मध्ये सहा तासांची रिले शर्यत सुरू केली. संघात अनेक गाड्या, ट्रॅकवर एका वेळी एकच. तुमच्यासाठी तीन गाड्यांचा संघ आणि दोन तास पुरेत. एकाची गाडी बंद पडली तरी संघाचा दिवस संपत नाही, आणि हंगामात तुटून बसलेल्यांना परत आणायला याहून चांगलं निमित्त नाही. पाळी बदलल्याची खूण म्हणून संघाचा पट्टा पिट लेनमध्ये उभ्या गाडीच्या खिडकीतून द्यायचा, इंजिन बंद करून. टायमिंगला प्रत्येक गाडीचा स्वतःचा ट्रान्सपॉन्डर (लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र), लॅपची बेरीज संघाच्या नावावर. १००० च्या गाड्यांना सरावातल्या वेळेवरून आगाऊ लॅप द्या म्हणजे मिश्र संघ बनतील. पेट्रोलचीही भानगड नाही: अशी गाडी शर्यतीच्या वेगात तासाला साधारण १४ लिटर पिते, ४० मिनिटांना नऊ-दहा. एकाच गाडीने दोन तास पळायचं म्हटलं तर २८ लिटर लागतील, ३५ लिटरच्या टाकीत सातच उरतील आणि लांब वळणात पेट्रोल पंपापासून दूर जाऊन इंजिन अडखळेल. मग पिटमध्ये इंधन भरणं आलं, त्याचे नियम आले, धोका आला.

मार्शलसाठी एकच उपाय चालताना दिसतो: प्रत्येक चालकाने हंगामात एका फेरीला स्वतः किंवा आपला माणूस पोस्टवर द्यायचा, नाहीतर त्याची एक फेरी गुणांत धरायची नाही. प्रत्येक पोस्टला किमान दोघे, आणि एका पोस्टवरून पुढची दिसली पाहिजे. एकाच्या हातात झेंडा, दुसऱ्याच्या हातात अग्निशामक.

दिवसाचं वेळापत्रक २० गाड्यांसाठी असं बसतं: गाडीमागे सहा मिनिटं आणि दोन तपासनीस धरले तर तपासणीला एक तास. मग १५ मिनिटं सराव, १५ पात्रता, आणि जेवणाच्या अलीकडे-पलीकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन शर्यती. चालकाला तासभर ट्रॅक मिळतो. दुसऱ्या शर्यतीचा ग्रिड पहिल्या शर्यतीच्या निकालाचे पहिले सहा उलटे करून लावा, सगळा ग्रिड उलटा नको.

ट्रॅक मिळाला नाही किंवा पैसे कमी पडले तर एक फेरी मोकळ्या डांबरी मैदानावर कोन लावून वेळेविरुद्ध घ्या. ८०० मीटरचा मार्ग, ३० गाड्या, पाच-पाच धावा म्हणजे १५० धावा. कागदावर ३० सेकंदांच्या अंतराने ७५ मिनिटं, पण पडलेले कोन उभे करण्यात वेळ जातो, म्हणून ४५ सेकंद धरा, दोन तासांच्या आत होतं. कोनामागे २ सेकंद दंड. इथे केज लागत नाही, त्यामुळे नवा माणूस घरची गाडी घेऊन येऊ शकतो. पुढच्या हंगामाच्या २० गाड्यांपैकी नव्या चार-पाच इथूनच येतील, तेव्हा ही फेरी जानेवारीतली असो वा जूनची, मुख्य हंगाम सुरू होण्याच्या तीन महिने आधी ठेवा. केज बांधून गाडी तयार करायला तेवढा वेळ लागतो.

हे नियम छापल्यावर तीन वर्षं हात लावायचा नाही, सुरक्षेचा मुद्दा सोडून, असा ठराव सभेत आधी मंजूर करून घ्या. गाडी बांधायला निघालेला माणूस सर्वात आधी तेच विचारतो.